विंडोज १० नंतर घरचा संगणक: विंडोज, मॅक की लिनक्स? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी क्रमवार मार्गदर्शन

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. संगणक त्यानंतरही चालू होतो, फाइली उघडतात, प्रिंट निघतात, म्हणून बऱ्याच घरांत हा विषय मागे पडला आहे. पण ज्या संगणकावरून नेट बँकिंग होतं, प्राप्तिकर भरला जातो, त्याला अपडेट मिळत नसतील तर निर्णय फार लांबवता येत नाही. तो विषय काढला की सल्ले सुरू होतात. दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या. ऑफिसातला मित्र म्हणतो, एकदाच मॅक घे आणि मोकळी हो. भाचा म्हणतो, मावशी, लिनक्स टाक, फुकट आहे. यातला एकही सल्ला खोटा नाही. फक्त तुमच्या घरात त्या संगणकावर नेमकं काय काय चालतं, हे तिघांपैकी कुणालाच माहीत नसतं.

आम्ही ठाण्यातल्या नौपाड्यात राहतो. सासरे सोसायटीचे खजिनदार, त्यांचं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर. मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगला. मी घरून मुद्रितशोधन करते, म्हणजे दिवसभर मराठी मजकूर. तिघांच्या गरजा तीन दिशांना निघाल्या आणि शेवटी घरात दोन प्लॅटफॉर्म, म्हणजे संगणक चालवणाऱ्या दोन मूळ प्रणाली, आले: माझ्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार), आणि सासरे व मुलगी यांच्यासाठी विंडोज ११ चा लॅपटॉप. मॅकचाही पूर्ण हिशेब केला होता, तोही खाली देते. माझं मत असं झालंय की घरातलं जे एखादं काम दुसरीकडे हलवताच येत नाही, तेच काम प्लॅटफॉर्म ठरवतं. ते आधी शोधा. किंमत, वेग, दिसणं हे सगळं त्यानंतर.

१. संगणकाचं वय ओळखा

सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाउट उघडा. प्रोसेसरचं नाव दिसेल. इंटेलचा असेल तर डॅशनंतरचा आकडा वाचा. आय५-७२०० म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५० म्हणजे आठवी. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतर आलेले प्रोसेसर. एएमडीचा असेल तर ढोबळमानाने रायझन २००० मालिकेपासून पुढे. याशिवाय किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते.

हे सगळं एका फटक्यात तपासायला मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं मोफत ॲप आहे. ते कारणासकट उत्तर देतं. प्रोसेसर चालतो पण टीपीएम नाही असं उत्तर आलं तर लगेच निराश होऊ नका. बऱ्याच संगणकांत ती सोय असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डवर तिचं नाव पीटीटी असतं आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. चालू केली की काम होतं. मात्र बायोसला हात लावण्याआधी आठव्या पायरीत बिटलॉकरबद्दल (विंडोजच्या डिस्कच्या कुलपाबद्दल) लिहिलंय ते वाचा.

संगणक पात्र निघाला तर विंडोज ११ फुकट मिळतं. तुमच्याकडे अजून हार्डडिस्क असेल आणि संगणक रडतखडत चालत असेल, तर तो विंडोजचा दोष समजून प्लॅटफॉर्म बदलू नका. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क टाका, रॅम ८ जीबीच्या वर न्या, मग पुन्हा विचार करा. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीच्या किमती चढल्या आहेत, तरी नव्या संगणकापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.

अपात्र निघाला तर दुकानात एक हमखास वाक्य ऐकू येतं: "काही नाही, अकरा टाकून देतो, चालतं." तपासणी टाळून विंडोज ११ टाकता येतं हे खरं. पण अशा संगणकाला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपण हा सगळा खटाटोप अपडेटसाठीच करतोय. त्या वाटेला जाऊ नका.

थोडा वेळ हवा असेल तर विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. घरगुती वापरासाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर किंवा १,००० रिवॉर्ड पॉइंट. नोंदणीची लिंक विंडोज अपडेटच्या पानावरच दिसते. यातून मिळतो तो फक्त वेळ.

२. कामांची यादी करा, आणि ती कागदावर

संगणकाशेजारी एक कागद ठेवा आणि आठवडाभर, जो कोणी बसेल त्याने काय उघडलं ते लिहायचं, असं घरात सांगा. आठवणीवर विसंबून यादी केली तर वर्षातून एकदा लागणारं काम सुटतं, आणि नेमकं तेच अडतं. म्हणून मार्चअखेर, ऑडिट, परीक्षा, प्रवेश हे दिवसही डोळ्यांसमोर आणा. मग प्रत्येक कामासमोर तीनपैकी एक खूण करा.

पहिली खूण: ब्राउझरमध्ये होतं. नेट बँकिंग, रेल्वेचं तिकीट, डिजिलॉकर, आपले सरकार, सातबारा, पालिकेचा मालमत्ता कर, वीजबिल, ईमेल, व्हॉट्सॲप वेब. ही कामं तिन्ही प्लॅटफॉर्मवर सारखीच होतात, त्यामुळे निर्णयात धरूच नका. वैयक्तिक प्राप्तिकर विवरणपत्रही संकेतस्थळावरच भरता येतं आणि आधारच्या ओटीपीने पडताळता येतं. निवृत्त मंडळी नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्याबद्दल विचारतात. तो दाखला, म्हणजे जीवन प्रमाण, आता अँड्रॉइड फोनवर चेहरा ओळखूनही निघतं, त्यासाठी अंगठ्याचं यंत्र आणि विंडोज संगणक बाळगायची गरज उरलेली नाही.

दुसरी खूण: पर्याय चालेल. वर्डमधलं साधं पत्र, एक्सेलमधला घरखर्च, फोटो नीट करणं, गाणी, व्हिडिओ. लिनक्सवर लिबरऑफिस येतं, मॅकवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस मिळतं, आणि ब्राउझरमधलं वर्ड-एक्सेल सगळीकडे चालतं. मांडणी थोडी हलते. लग्नाच्या खर्चाची वही असेल तर काय बिघडतं? पण दुसऱ्याने पाठवलेला, रकाने आखलेला अर्ज भरून त्याच रूपात परत द्यायचा असेल तर खूप बिघडतं. तसं काम वारंवार येत असेल तर ही खूण खोडून तिसरी करा.

तिसरी खूण: दुसरीकडे होतच नाही. इथेच सगळा निर्णय आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

टॅली प्राइम हा विंडोजचा प्रोग्रॅम आहे. मॅकवर किंवा लिनक्सवर तो चालवायला विंडोजच आत बसवावं लागतं, किंवा दूरच्या संगणकावर टॅली ठेवून ब्राउझरमधून वापरावं लागतं. पंच्याहत्तरीच्या माणसाला तो व्याप सांगू नये. घरात टॅली रोज चालत असेल तर विंडोज ठेवा, पुढची चर्चा नको.

डिजिटल सहीचं टोकन म्हणजे ती पेनड्राइव्हसारखी काडी. तिला स्वतःचा ड्रायव्हर (यंत्र संगणकाला जोडून देणारा छोटा प्रोग्रॅम) लागतो आणि पोर्टलवर सही करायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. हे दोन्ही विंडोजवर सगळ्यात कमी कटकटीने चालतं. काही टोकनांचे मॅक आणि लिनक्सचे ड्रायव्हर असतात, पण ड्रायव्हर आहे म्हणजे पोर्टलवर सही होईलच असं धरू नका. सही खरंच लागते का तेही पहा. जीएसटीत एकल मालकाला ओटीपीवर काम भागवता येतं, कंपनी आणि एलएलपीला सही अनिवार्य आहे. टेंडर भरणाऱ्यांनी विंडोज सोडू नये.

विद्यार्थ्यांचं शाखेवर अवलंबून. सिव्हिल आणि आर्किटेक्चरला लागणाऱ्या कॅड, म्हणजे आराखड्यांच्या सॉफ्टवेअरपैकी ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण रेव्हिट आणि स्टॅड प्रो फक्त विंडोजवर. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्सही तसंच. कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांना मात्र लिनक्स उलट उपयोगी पडतं. सी, पायथन, सर्व्हरची कामं तिथे सहज होतात आणि पुढे ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत तेच समोर येतं. पहिल्या वर्षाच्या मुलासाठी संगणक घेत असाल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला कोणतं सॉफ्टवेअर लागतं ते कॉलेजच्या वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा. प्रवेशाच्या गडबडीत घेतलेला महागडा मॅक सिव्हिलच्या मुलाला तिसऱ्या वर्षी अपुरा पडतो.

एक्सेलमधले काही मॅक्रो (आपोआप चालणारे आदेश) आणि ॲक्सेसची डेटाबेस फाइल हेही याच रांगेत. ॲक्सेस मॅकवर मिळतच नाही. आणि घरात व्हॅलोरंट खेळणारं कुणी असेल तर त्याची फसवणूक-रोधक यंत्रणा लिनक्सवर आणि मॅकवर चालत नाही. इतर बरेच खेळ लिनक्सवर स्टीममधून चालतात, हा एक नाही. मुलांना आधी विचारा, नंतरची रडारड टळते.

३. मराठी टंकलेखनाची परीक्षा घ्या

इंग्रजीतल्या मार्गदर्शनात हे कुठेच सापडत नाही आणि आपलं सगळ्यात जास्त अडतं ते इथेच.

तुम्ही इन्स्क्रिप्ट वापरत असाल तर तुमचं नशीब चांगलं. ही मांडणी १९९१ पासून भारतीय मानक आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत मिळते. बोटांना काहीही नवीन शिकावं लागत नाही. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्यांना मात्र फरक जाणवतो. विंडोजमध्ये २०१९ पासून उच्चारानुसार चालणारा मराठी कीबोर्ड आत आहे. मॅकमध्ये देवनागरी आणि देवनागरी क्वर्टी या मांडण्या मिळतात. लिनक्समध्ये आयबस नावाचा टंकलेखनाचा प्रोग्रॅम बसवून त्यात मराठीच्या इन्स्क्रिप्ट, आयट्रान्स आणि फोनेटिक मांडण्या घ्याव्या लागतात. प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे, त्यामुळे पहिला पंधरवडा हात अडखळतो. टाइपरायटरची रेमिंग्टन पद्धत बोटांत बसलेल्यांनी, विशेषतः सरकारी टंकलेखन परीक्षेची तयारी चालू असेल तर, विंडोजवरच राहावं.

नव्या प्लॅटफॉर्मवर हे शब्द टाइप करून पहा: कुऱ्हाड, वाऱ्यावर, ॲप, ऑर्डर, हृदय, दुःख, त्र्यंबक, ज्ञान, क्षत्रिय. 'ऱ्या' आणि 'ॲ' नीट आले की बाकीचं येतं. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी जे दाबलं की ऱ मिळतो आणि त्याला हलन्त व य जोडले की वाऱ्यातला ऱ्य होतो.

दुसरा धोका जुन्या फाइलींचा. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी, आयएसएमचे फाँट यांत टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या मानक अक्षरसंकेतातला, नसतो. आत रोमन चिन्हं असतात आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की आजोबांच्या कवितांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे: मजकूर निवडून फाँट बदला आणि एरियल करा. मराठी तसंच राहिलं तर युनिकोड, अक्षरांचा कचरा झाला तर जुना फाँट.

सोसायटीची जुनी इतिवृत्तं, वंशावळ, लग्नपत्रिका, हस्तलिखितावरून उतरवलेले अभंग या गोष्टी बहुतेक घरांत अशाच पडून असतात. त्या विंडोजवर असतानाच दोन कामं करा. आधी प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवा, म्हणजे मूळ कसं दिसत होतं याचा पुरावा राहतो. मग परिवर्तकाने युनिकोड करून घ्या आणि पीडीएफ शेजारी उघडून वाचा. परिवर्तक रफारात, पहिल्या वेलांटीत, अर्ध्या अक्षरांत आणि ऱ्ह-ऱ्य मध्ये चुकतात. हे वाचन कुणाला तरी सोपवून मोकळं होऊ नका, घरच्या नावांचे उच्चार घरच्यांनाच ठाऊक असतात.

फाँटही तपासा. विंडोजमधल्या मंगल किंवा निर्मला फाँटमध्ये केलेला मजकूर दुसरीकडे उघडला की फाँट बदलतो, ओळी सरकतात आणि एका पानाची सूचना दुसऱ्या पानावर जाते. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फाँट मोफत आहे आणि तिन्हीकडे बसतो. घरातल्या सगळ्या संगणकांवर तोच ठेवा. लिनक्सवर लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडायला विसरू नका. काही फाँट भाषा पाहूनच मराठी वळणाचा ल आणि श देतात, भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळण येतं.

४. प्रिंटर आणि स्कॅनर

प्रिंटरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या. वायफायवर चालणारे अलीकडचे बहुतेक प्रिंटर मॅक आणि लिनक्स दोन्हींवर ड्रायव्हरशिवाय चालतात. एचपीचे बरेच मॉडेल लिनक्सवर त्रास देत नाहीत. आपल्याकडे घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र स्वतःच्या खास ड्रायव्हरवर चालतो, लिनक्सवर त्याला चालतं करायला बरीच खटपट लागते. तो चांगला चालतोय म्हणून ठेवायचा असेल तर त्याच्यासाठी एक विंडोज संगणक राहू द्या.

५. तीन वाटा

विंडोज ११: टॅली, डिजिटल सही, कॅड यांतलं काहीही यादीत असेल तर हीच वाट. एमएस-सीआयटीच्या काळापासून ज्यांना वर्ड-एक्सेलची सवय आहे त्यांना नव्याने काही शिकावं लागत नाही, आणि घरातल्या ज्येष्ठांसाठी ही मोठी गोष्ट आहे. नवीन घेताना १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी पहा. विंडोज आणि ऑफिस परवान्यासह आहे का, हे बिलावर लिहून घ्या. क्रॅक केलेलं विंडोज किंवा पाचशे रुपयांत आजन्म ऑफिस देणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. तुमच्या बँकेचा पासवर्ड त्याच संगणकावर टाइप होणार आहे.

मॅक: फोटो, व्हिडिओ, संगीत, लेखन आणि घरात आधीच आयफोन असेल तर सुखाचा. बॅटरी टिकते, आवाज नाही, वर्षानुवर्षं अपडेट मिळतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एम४ मॅक मिनीची सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती आणि त्यात १६ जीबी रॅम होती. पण त्यात पडदा, कीबोर्ड, माउस येत नाही. घरातला जुना पडदा व्हीजीएचा असेल तर अडॅप्टरही धरा. रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून लागेल तेवढी आधीच घ्या. आणि हार्डडिस्कचं पहा: विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरचं मॅक वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे वापरायची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावी लागते.

जुना मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांसाठी. ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक नोव्हेंबर २०२० मध्ये आणले. त्याआधीच्या इंटेल मॅकसाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती, असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे इंटेल मॅक घेऊन तुम्ही पुन्हा विंडोज १० च्याच प्रश्नात उभे राहाल. एम१, म्हणजे मॅकमधली ॲपलची ती पहिली चिप, तिच्या खाली जाऊ नका. आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याने समोर बसून आपल्या खात्यातून लॉगआउट करून मॅक कोरा करून दिला पाहिजे. ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे जुन्या मालकाच्या खात्याचं कुलूप, राहिला तर तो मॅक तुमच्या काहीच कामाचा नाही.

लिनक्स: संगणक अपात्र आहे पण धडधाकट आहे, आणि तिसऱ्या खुणेचं एकही काम नाही, अशा घरासाठी माझं पहिलं मत लिनक्स मिंटला. विंडोजसारखाच खाली पट्टा, डाव्या कोपऱ्यात मेनू. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. ४ जीबी रॅमवर ठीक चालतं, फार जुना संगणक असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. माझा डेस्कटॉप सहाव्या पिढीचा आहे, त्यावर दिवसभर मराठी मजकूर, ब्राउझर आणि पीडीएफ उघडे असतात आणि तो कुठेही अडत नाही. विषाणूंचा त्रास कमी. मात्र बिघडलं तर गल्लीतला दुरुस्तीवाला बहुधा "यात विंडोज टाकून घ्या" असंच सांगेल. घरात किंवा ओळखीत फोनवर मदत करणारं एक माणूस तरी असू द्या.

फक्त ब्राउझर पुरत असेल तर गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स हाही मोफत पर्याय आहे. त्यावर अँड्रॉइड ॲप चालत नाहीत, हे लक्षात ठेवा.

६. काही न पुसता लिनक्स चालवून पहा

लिनक्सची ही सर्वांत मोठी सोय. ८ जीबी किंवा मोठा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाईल. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवा, बलेना एचर किंवा रूफस या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवा. संगणक बंद करून चालू करताना बूट मेनूची कळ दाबा: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. पेनड्राइव्ह निवडा. मिंट सुरू होईल आणि तुमच्या डिस्कला हातही लागणार नाही, जोवर तुम्ही पडद्यावरचं इन्स्टॉलचं चिन्ह दाबत नाही. घरातल्यांनाही सांगून ठेवा, ते चिन्ह दाबायचं नाही.

मग या गोष्टी पहा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, प्रिंट निघते का, लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होतो का, बँकेचं पान उघडतं का, तिसऱ्या पायरीतले शब्द टाइप होतात का. वायफाय दिसलं नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेथरिंग चालू करा, इंटरनेट मिळेल आणि वायफायचा ड्रायव्हर उतरवता येईल. पेनड्राइव्हवर संगणक सावकाश वाटतो, त्यावरून वेग ठरवू नका. बंद केलं की केलेले बदलही जातात. ही तात्पुरती चाचणी आहे.

मॅक असा घरी आणून तपासता येत नाही. मग दुकानात तासभर घालवा. वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपलचं स्वतःचं दुकान एप्रिल २०२३ पासून आहे, आणि ठाण्या-वाशीच्या मॉलमध्येही अधिकृत विक्रेते आहेत. तिथे उभं राहून देवनागरी कीबोर्ड लावून द्यायला सांगा आणि एक परिच्छेद टाइप करा. विक्रेत्याला सवय नसेल, तरी आग्रह धरा.

७. घरात वेगळं मत असेल तर

एकाच संगणकावर दोन प्लॅटफॉर्म ठेवता येतात, सुरू करताना निवडायचं. पण एकाच डिस्कचे भाग पाडून दोन्ही ठेवलं की विंडोजचा मोठा अपडेट कधीकधी सुरुवातीचा क्रम बदलतो आणि घरात गोंधळ होतो. डेस्कटॉप असेल तर दुसरी छोटी एसएसडी लावून लिनक्स तिच्यावर ठेवा. विंडोजची डिस्क जशीच्या तशी राहते, आणि महिना-दोन महिन्यांत लक्षात येतं की कुणाला विंडोजकडे किती वेळा वळावं लागलं. माझा निर्णय असाच पक्का झाला.

८. बदलाआधी हाताशी काय हवं

- सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि महत्त्वाच्या फाइलींची आणखी एक प्रत वेगळीकडे. प्रत घेतली म्हणजे झालं असं नाही, दुसऱ्या संगणकावर ती उघडून पहा.
- बिटलॉकरची रिकव्हरी की. विंडोज ११ चे बरेच लॅपटॉप मालकाला न विचारता डिस्क कुलूपबंद करतात. बायोस किंवा सिक्युअर बूट बदललं की ४८ अंकी की मागतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती सापडते. कागदावर उतरवा. ती नसेल तर फाइली परत मिळत नाहीत.
- टॅलीचा सिरियल क्रमांक, नोंदणीचा ईमेल, आणि डेटा फोल्डरची प्रत. जुन्या संगणकावरून लायसन्स सरेंडर करून मगच तो पुसा, नाहीतर नव्यावर चालू करताना अडतं.
- डिजिटल सहीच्या टोकनचा पासवर्ड. अंदाजाने वारंवार टाकला तर टोकन लॉक होतं.
- ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क.
- ऑफिसचा परवाना कुठल्या खात्यावर आहे त्याची नोंद.
- ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो हाताशी आणि चार्ज केलेला.
- प्रिंटरचा मॉडेल क्रमांक, वायफायचा पासवर्ड, संगणकाचं बिल.

विंडोजचा डिजिटल परवाना बहुधा संगणकाच्या बोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे उद्या परत विंडोज टाकावंसं वाटलं तर ते पुन्हा चालू होतं. तरी आधी तो आपल्या खात्याशी जोडून ठेवा.

९. बदलाचा दिवस

मार्चअखेर, परीक्षा आणि सोसायटीची वार्षिक सभा यांच्या आसपासचा दिवस टाळा. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावा, लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. इन्स्टॉल चालू असताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

स्वतः करायचं धाडस नसेल तर वाशीच्या सेक्टर १७ मध्ये किंवा ठाणे स्टेशनच्या परिसरात दुकानं आहेत. संगणक देताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: माझी डिस्क पुसणार का, विंडोजचा परवाना खरा आहे का, आणि काम माझ्यासमोर होईल का. डिस्कवर बँकेची कागदपत्रं, आधार-पॅनच्या प्रती असतात. संगणक रात्रभर दुकानात ठेवायचा असेल तर डिस्क काढून घ्या किंवा त्या फाइली आधी हलवा.

पहिल्या दिवशी फक्त चार गोष्टी बसवा: ब्राउझर, मराठी कीबोर्ड, प्रिंटर, ऑफिस. ज्येष्ठांसाठी डेस्कटॉपवर मोठी चिन्हं ठेवा आणि त्यांची नावं मराठीत द्या. आमच्याकडे सासऱ्यांच्या लॅपटॉपवर 'टॅली', 'बँक', 'सोसायटीची पत्रं' अशी तीनच चिन्हं आहेत, आणि भाषा बदलायची कळ कोणती ते कीबोर्डच्या वर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलंय.

१०. जुनी डिस्क आणि जुना संगणक

जुनी डिस्क निदान तीन महिने तशीच ठेवा. एखादी फाइल राहिली होती हे हमखास त्याच काळात कळतं. नंतर संगणक देऊन टाकायचा असेल तर फाइली डिलीट करून भागत नाही, त्या परत काढता येतात. विंडोजमध्ये रीसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा. मग चालता संगणक शिकणाऱ्या मुलाला किंवा संस्थेला द्या, आणि चालत नसेल तर डिस्क काढून घेऊन बाकीचा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे पाठवा. भंगारवाल्याला डिस्कसकट देऊ नका.